‘गिफ्ट’

मुलीच्या लग्नाची बोलणीं चाललीं असतां मन रमवावें म्हणून मी जर्मन कोश उघडला. इंग्रजींत ‘गिफ्ट’ म्हणजे भेट. जर्मनांत तोच शब्द विषाचा वाचक! मूळ एकच, ‘देणें’. ग्रीक ‘डोसिस’ म्हणजे देणें, पुढें औषधाची मात्रा. त्याच वळणानें जर्मन शब्द गेला आणि सौम्य नांवाआड विष दडलें. स्वीडिश भाषेंत तर ‘गिफ्ट’ म्हणजे विष, आणि विवाहितहि! थट्टेखोरांना याहून अधिक काय हवें? मला मात्र हंसूं आलें नाहीं. कारण जर्मनांत देण्याचा जुना अर्थ ‘मिटगिफ्ट’ या शब्दांत अजून शाबूत आहे. मिटगिफ्ट म्हणजे हुंडा.

कोश मिटला. शेजारीं वरपक्षाची यादी पडली होती. १९६१ च्या कायद्यानें हुंडा निषिद्ध. म्हणून तिच्या शिरोभागीं सुवाच्य अक्षरांत लिहिलें होतें, ‘भेटवस्तू’.