शालूची जर

बेळगावच्या कॅम्प भागात आमच्या शेजारी मूळचे गोव्याचे एक ख्रिस्ती कुटुंब राहत असे. त्या घरच्या कर्त्या बाईंना आम्ही मावशी म्हणत असू. त्यांच्या धाकट्या मुलाला १९८३ साली गुरुदीक्षा मिळावयाची होती.

मिस्साच्या वेळी धर्मगुरू सर्वांवर जे बिनबाह्यांचे सैल वस्त्र परिधान करतो, त्यास पोर्तुगीज भाषेत काझुला म्हणतात. सणाला पांढरा, हुतात्म्यांच्या दिवशी लाल, उपवासकाळात जांभळा, एरवी हिरवा, असा त्याच्या रंगांचा नेम. मावशींच्या भावाने लिस्बनहून पांढरे रेशमी कापड धाडले. कस्टमचा कर भरून ते हाती पडले तेव्हा दीक्षेला तीन आठवडे उरले होते. कापड उत्तम होते. परंतु सोबत यावयाची जरीची फीत पुडक्यात नव्हती.

त्या दुपारी मावशी आमच्याकडे आल्या. युरोपात नववधूंचे पोशाख देवळाला अर्पण करून त्यांतून अशी वस्त्रे शिवण्याची जुनी चाल होती, हे सांगून त्यांनी मोठ्या संकोचाने आमच्या आजीच्या बनारसी शालूचा काठ मागितला. घरात खल झाला. आजीची आठवण, कुळाची वस्तू, अशी कारणे पुढे आली. आमच्या घरची जर त्यांच्या वेदीपाशी जाणे रुचत नाही, हे मात्र कोणी उच्चारले नाही. शालू पुण्याला काकूंकडे आहे, असे आम्ही कळविले. तो आमच्याच ट्रंकेत होता, आणि मावशींना ते ठाऊक असावे. त्या एवढेच म्हणाल्या, "असू दे बाळ, साध्या फितीनेही भागेल."

गतवर्षी जुन्या गोव्यात सांता मोनिका मठातील ख्रिस्ती कला संग्रहालय पाहिले. १९९४ साली रायतूरच्या सेमिनरीत सुरू झालेले हे संग्रहालय २००२ मध्ये येथे आले. तेथील जुनी भरजरी वस्त्रे पाहून आम्ही जवळच्या बॅसिलिकेत गेलो. सेंट फ्रान्सिस झेवियर यांच्या समाधीचा संगमरवरी चौथरा टस्कनीचा ग्रँड ड्यूक तिसरा कोझिमो याने पाठविलेला. तो १६९८ मध्ये बसविला गेला. त्यावरची चांदीची पेटी मात्र गोव्याच्याच कारागिरांनी त्यापूर्वी साठ वर्षे घडविलेली. परदेशचे दान आणि इथला हात, दोन्ही एकावर एक विसावलेली पाहून आम्हांस ते लिस्बनचे पांढरे रेशीम आठवले.

घरी परतल्यावर ट्रंक उघडली. शालूला कसर लागली होती. घडीवर रेशीम विरून गेले होते, जर काळवंडली होती. मावशी २००१ साली गेल्या. अंत्यविधीला त्यांच्या मुलाने तोच काझुला घातला होता. त्याच्या कडेला बेळगावच्या बाजारातील साधी सुती फीत होती, आणि ती अठरा वर्षांनंतरही शाबूत होती. आम्ही मागच्या बाकावर बसून तिच्याकडेच पाहत होतो.