स्किन

खरं तर हा रंग पीचचा. पण ते फळ आमच्या वसईतल्या भुईगावात झाडाला लागलेलं कुणी पाहिलेलं नाही. इथे वाडीत केळी होतात, पानवेली होतात, फुलं होतात. म्हणून असेल, त्याला त्या नावाने कुणी हाक मारत नाही. 'ए, स्किन दे ना,' एवढं म्हटलं की पुरतं. मेणाच्या खडूंच्या मोठ्या पेटीत हा फिकट, गुळगुळीत, घरातल्या थोरल्या जावयासारखा बसलेला असतो. त्याला शोधावं लागत नाही, सगळे हात आधी त्याच्याकडेच जातात.

त्यामुळे झिजतोही तोच पहिला. जूनमध्ये पेटी उघडली की गणपतीपर्यंत याचा अर्धा देह संपलेला, आणि शेजारचा तपकिरी टोकासकट शाबूत. तपकिरीला कामं नेमून दिलेली आहेत: नारळाचं खोड, घराचं दार, जमीन, कुत्रा. माणसाच्या अंगाला त्याने शिवायचं नाही. माणूस आला की स्किन. शिवाजी महाराज स्किन, सावित्रीबाई स्किन, आणि भर उन्हात नांगर धरलेला शेतकरी तर हमखास स्किन.

सगळा दोष त्याच्या माथी मारता येत नाही म्हणा. आमच्या लहानपणी बारा खडूंची पेटी असे, तिच्यात हे महाशय नव्हते. आम्ही केशरी खडू अगदी हलक्या हाताने फिरवायचो आणि आमची माणसं गाजराच्या रसात बुडवल्यासारखी दिसायची. पण तपकिरी उचलावा, हे तेव्हाही कुणाला सुचलं नाही.

बहिणीच्या मुलीने परवा 'माझी आजी' काढली. आजी म्हणजे पक्की वाडीवाली. चाळीसेक वर्षं पहाटेच्या लोकलने फुलांची, भाजीची पाटी दादरला नेलेली, उरलेला दिवस विहीर, बांध आणि ऊन. ज्या उन्हात आमच्याकडे राजेळी केळी सुकवून सुकेळी करतात, त्याच उन्हाने आजीलाही रंग दिलाय. सुकेळं उन्हाने गडद झालं की त्याला भाव येतो, बाईचा जातो. तर पोरीने आजीचं लाल लुगडं मन लावून रंगवलं, मागे केळी, सुरूची झाडं काढली, आणि चेहऱ्यावर स्किन फिरवला.

"आजी अशी आहे का गं?"

तिने माझ्याकडे कीव केल्यासारखं पाहिलं. "मावशी, ही स्किन आहे ना? मग स्किनला स्किनच लावतात."

काय बोलणार? खडूवर तसं छापलेलंच होतं.

हीच त्याची हुशारी. तो कुणाला काळं म्हणत नाही, कुणाला नावं ठेवत नाही. त्याने फक्त नाव बळकावलंय. कातडी म्हणजे मी, बाकीच्यांनी आपापली विशेषणं शोधावीत. पुढचं काम आपली भाषा करते. गोऱ्या मुलीच्या पुढे काही जोडावं लागत नाही. दुसरी मात्र सावळी आहे, 'पण' नाकीडोळी नीटस. रंगाने जरा डावी, 'पण' स्वभावाने चांगली. आमच्या ख्रिस्ती घरांत लग्नाला पत्रिका बघत नाहीत, रंग बघतात. बायोडेटात 'गव्हाळ' लिहिलं की सगळ्यांचीच सुटका.

अमेरिकेत क्रेयोला कंपनीने अशाच एका खडूला 'फ्लेश' म्हणजे मांस-कातडीचं नाव दिलं होतं, ते 1962मध्ये बदलून पीच केलं. त्याआधी, 1950मध्ये, मेमी क्लार्क आणि केनेथ क्लार्क या कृष्णवर्णीय मानसशास्त्रज्ञ जोडप्याचा एक अभ्यास छापून आला. त्यांनी कृष्णवर्णीय मुलांपुढे खडूंची पेटी ठेवली. आधी पान, सफरचंद, उंदीर रंगवायला सांगितलं. मुलांना रंग कळतात एवढी खात्री झाली. मग म्हणाले, आता तुझ्यासारखं मूल रंगव. पानं हिरवी रंगवणाऱ्या त्याच मुलांपैकी कित्येकांनी स्वतःला आहे त्याहून उजळ रंगवलं. आपल्याकडे बंगळुरूचा कायद्याचा एक विद्यार्थी खडूवरच्या 'स्किन' या शब्दावरून ग्राहक मंचात गेला. 2020मध्ये क्रेयोलाने माणसाच्या कातडीच्या चोवीस छटांची पेटी काढली. भुईगावच्या स्टेशनरीच्या दुकानात मात्र अजून 'स्किन द्या' म्हटलं की दुकानदार छटा विचारत नाही.

तपकिरीला वर्षातून एकदा माणूस मिळतो, नाताळात. गोठ्याकडे निघालेल्या तीन राजांपैकी एक काळा असतो. पोरीने न विचारता तपकिरी उचलला. "तो आफ्रिकेचा." मेंढ्यासुद्धा त्याला खेटून उभ्या काढल्या होत्या.

मला लोकलमधली बाई आठवली. बायकांचा डबा, नालासोपाऱ्याला एक आफ्रिकन बाई चढली, इस्त्रीचा झगा, मांडीवर पिशवी. तिघींच्या बाकावर चौथीला सरकून जागा द्यायची, हा इथला कायदा. वसई गेली, नायगाव गेलं, तिच्या शेजारची तिसरी जागाही रिकामीच. उभ्या होत्या त्या उभ्याच. कुणीतरी 'हबशी' म्हणालं, हळू आवाजात, जणू ती माणसं कालच आली. पोर्तुगीज वसईत 1534 ते 1739 होते, तेव्हाही त्यांच्यासोबत गुलाम म्हणून आणलेले आफ्रिकन होते. खाली जंजिऱ्यावर सिद्दींची गादी 1948पर्यंत टिकली. मीही दाराशीच उभी राहिले. भाईंदरला उतरायचंय, असं स्वतःला सांगितलं. उतरले अंधेरीला.

परवा पुन्हा पेटी पाहिली. स्किनचा आता बोटाच्या पेराएवढा तुकडा राहिलाय. धरायला जमेना म्हणून पोरीने कागद सोलून टाकला, नावासकट. चित्र होतं आजीच्या चुलीचं. आजीचे हात या वेळी नुसते पेन्सिलीने काढून ठेवले होते, रंग भरला नव्हता. तेवढ्यात तिने तो बिननावाचा तुकडा उचलला आणि टोपातली उकडलेली कोळंबी एकेक करून रंगवायला घेतली. रंग अगदी हुबेहूब जमला होता.