शिक्षेचे माप

‘घरफोडी’ म्हटले की भिंतीला पाडलेले भगदाड डोळ्यांपुढे येते. कायद्याला मात्र भगदाडाची आवश्यकता नसते. दाराच्या भोकातून तार घालून कडी उचलली, किंवा मालकाचीच हरवलेली किल्ली सापडली आणि तिने दार उघडून कोणी आत शिरला, तरी ती घरफोडीच. १८६०च्या दंड संहितेतील ही उदाहरणे २०२३च्या भारतीय न्याय संहितेतही कायम आहेत. चोरीसाठी दिवसा केलेल्या घरफोडीला १० वर्षांपर्यंत कारावास. सूर्यास्तानंतर केली तर १४. चार वर्षे अंधाराची! ज्याच्या उशाशी कधी परकी पावले वाजली असतील, त्याला हा हिशेब अवाजवी वाटणार नाही.

कोठडीतल्या बंद्याला तुरुंगाधिकाऱ्यामार्फत अपील धाडता येते. पण शिक्षेच्या कठोरतेविरुद्धचे अपील मोठे चमत्कारिक असते. ‘मी केले नाही’ असे ते म्हणत नाही. ‘केले, पण एवढे नाही’ असे म्हणते. गुन्हा पदरात घेऊन माप मागायचे. शिवाय धास्ती अशी, की वरच्या न्यायालयाने शिक्षा वाढवली तर? वस्तुतः केवळ आरोपीच्या अपिलात ती वाढवता येत नाही. परंतु बराकीत कायद्यापेक्षा ऐकीव गोष्टींना वजन अधिक.

उत्तर प्रदेशातील एका बंद्यावर वीज खात्याच्या साहित्याच्या चोरीचे नऊ खटले होते. प्रत्येकात दोन वर्षे. शिक्षा एकत्र भोगायच्या, असे निकालांत म्हटलेले नव्हते. म्हणून एक संपली की दुसरी, अशी मोजणी सुरू झाली. अठरा वर्षे! तेवढी शिक्षा कोणत्याही न्यायाधीशाने उच्चारली नव्हती. ती केवळ बेरजेतून जन्मली होती. उच्च न्यायालयाने दाद दिली नाही. अखेर १६ डिसेंबर २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्या शिक्षा एकाच वेळी भोगण्याचा आदेश दिला. तोवर त्याची तीन वर्षे तुरुंगात गेली होती.

प्रत्येक बंद्याचा कागद इतका वर पोहोचत नाही. बहुतेक अर्जांतली कारणे ठरीव असतात: पहिलाच गुन्हा, लहान मुले, वृद्ध आई. वाचणाऱ्याच्या डोळ्यांखालून ती शेकडो वेळा गेलेली. तरी एखाद्या अर्जातली आई खरोखरच सत्तरीची असते, आणि मुलाची नऊ वर्षे उरलेली असतात. ती बेरीज अर्जात कोणी मांडत नाही.