काय लागलंय?

२०१९ साली ‘ट्राय’चे नवे दर आले. १०० चॅनेलांपर्यंत १३० रुपये आणि वर कर. पे चॅनेलांचे पैसे वेगळे. यादी करायला बसलो, तर घरात बघितली जाणारी चॅनेलं जेमतेम सात. केबल काढली. जुन्या डेस्कटॉपवर ‘कोडी’ टाकलं, तो एचडीएमआयने टीव्हीला जोडला. हार्ड डिस्कवरचे सिनेमे पोस्टरांसकट रांगेत उभे राहिले. मी खूश.

आई मात्र रमेना. माऊस तिला चार दिवसांत जमला होता. ती म्हणाली, “यात सगळं आहे गं, पण लागलेलं काहीच नाही.”

केबलवर सिनेमा लागतो. कॉम्प्युटरवर तो लावावा लागतो. दिवसभर भाजी काय, डबा काय हे ठरवणाऱ्या बाईला संध्याकाळी आणखी काही ठरवायचं नसतं. शिवाय आपल्याकडे लागलेला सिनेमा मावशीकडेही त्याच क्षणी चालू असतो, म्हणून फोन करता येतो. फोल्डरमधल्या सिनेमाबद्दल कोणाला फोन करणार?

मग गच्चीवर डीडी फ्री डिशची छत्री बसवली. तिला महिन्याचे पैसे पडत नाहीत. कॉम्प्युटरही आहेच. हल्ली ऑफिसातून दमून आले की मीसुद्धा आईच्या शेजारी बसते आणि जे लागलंय ते बघते.