नवतीवरची अळी

मृगाचा पाऊस जमिनीत मुरला की बदनापूरकडच्या मोसंबीच्या बागा बघता बघता रंग बदलतात. जुन्या, गडद पानांच्या वर पोपटी नवती फुटते. पान उन्हाला धरलं तर पलीकडचं बोट दिसावं, इतकी कोवळी. बागवान तिच्याकडे बघून झाडाच्या तब्येतीचा अंदाज घेतो. मी कॅमेरा घेऊन तिच्यापाशी बसते, कारण या दिवसांत बागेतलं निम्मं जग तिथंच पोटापाण्याला आलेलं असतं.

सगळ्यात आधी येते ती लिंबू फुलपाखराची मादी. काळ्या पंखांवर पिवळसर ठिपके, मागच्या पंखावर विटकरी डाग. ती फुलावर बसत नाही, पानांवरून पानांवर भिरभिरते. पुढच्या पायांनी पान चाखून बघते. मोसंबीचं, लिंबाचं, बेलाचं किंवा कढीपत्त्याचं आहे अशी खात्री पटली तरच पोट वाकवून एखादं फिकट पिवळं, गोल अंडं चिकटवते. त्यातून निघणारी अळी पहिले काही दिवस हुबेहूब पाखराच्या शिटेसारखी दिसते, तपकिरी आणि मध्ये पांढरी. शीट कोण खाणार? मोठी झाली की तीच अळी कात टाकून पानासारखी हिरवी होते. तिला जरा धक्का लागला तर डोक्यामागून नारिंगी रंगाचं दुहेरी शिंग बाहेर येतं आणि उग्र वास सुटतो. ते शिंग क्षणभरच दिसतं. त्याचा फोटो मिळावा म्हणून अळीला काडीनं डिवचणारे मी पाहिले आहेत. मला ते पटत नाही. मुंगी किंवा गांधीलमाशी आपोआप येतेच, तोवर थांबावं.

थांबणं हाच या छंदाचा मोठा भाग आहे. इतक्या जवळून फोटो काढताना डोळा स्पष्ट आला तर पाय धूसर होतात, वाऱ्याची झुळूक आली की सगळंच हातचं जातं. म्हणून सकाळ गाठायची. रात्रीच्या गारव्यानं चतुर, टाचण्या, फुलपाखरं आखडून बसलेली असतात. अंग उन्हात तापल्याशिवाय त्यांना उडता येत नाही. काळ्या मातीत गुडघे टेकून, किड्याच्या डोळ्यांच्या पातळीवर आलं की खंडोबाचा घोडा मान वळवून सरळ आपल्याकडे बघतो. माझ्याकडे साधा मोबाइल होता तेव्हाही त्याने असंच बघितलं होतं. भारी लेन्स असणारी मंडळी हिवाळ्यात जायकवाडीला जातात, १९८६ पासून ते पक्षी अभयारण्य आहे, आणि तिथली बदकं बघण्यासारखीच असतात. पण आपल्या बांधावर काय चाललंय, ते त्याआधी बघावं असं मला वाटतं.

बांधावर अंजिराचं झाड आहे. त्याच्या रुंद पानांत शिंपी पक्ष्याची मादी घरटं शिवते. चोचीनं पानाच्या कडेला भोकं पाडते, त्यातून धागा ओवते, पानाच्या कडा जवळ ओढते. धागा कुठला? कोळ्याच्या जाळ्याचा, आणि आपल्या या कापसाच्या मुलखात कापसाचा. कापसाच्या गाड्या जातात तेव्हा वाटेवरच्या बाभळींच्या काट्यांना पुंजके अडकून राहतात. तेच ती वेचून आणते, आत अंथरायलाही तेच वापरते. मी त्या घरट्याचा फोटो दुरूनच घेतला आणि पुढे आलेली फांदी जागची हलवली नाही. ती आडोशाची फांदी बाजूला केली की भारद्वाजाला आत पिल्लं दिसतात, आणि तो पिल्लं सोडत नाही. मग शिंपीण चोचीत काहीतरी हिरवं घेऊन आली. फोटो मोठा करून पाहिला तर ती अळी होती.

नवती अळीनं खाल्ली, अळी पिल्लांनी खाल्ली, हे पुस्तकात सगळ्यांनीच वाचलेलं असतं. एका फोटोत ते सगळं एकत्र दिसलं तेव्हा मला ते खऱ्या अर्थानं कळलं.

आंबे बहाराची फळं पिकायला लागली की संध्याकाळी बागांमध्ये धूर दिसू लागतो. तो रस शोषणाऱ्या पतंगाला हाकलण्यासाठी असतो. हा पतंग अंधार पडल्यावर येतो, टोकदार सोंडेनं सालीला भोक पाडून रस पितो. त्या भोकातून बुरशी शिरते आणि फळ गळून पडतं. २०१२-१३ च्या दुष्काळात टँकरनं पाणी घालून जगवलेल्या बागा इथं आहेत. त्या जगवणाऱ्या बागवानांच्या धुराला मी कधीच नावं ठेवणार नाही. तरीही बॅटरीच्या उजेडात तो पतंग पाहावा. बसलेला असला की वाळलं पान, आणि पंख उघडले की मागचे पंख झगझगीत नारिंगी, त्यावर काळा डाग. त्याची अळी मोसंबीवर वाढत नाही. ती वाढते बांधावरच्या गुळवेलीवर, वासनवेलीवर. म्हणजे बागेचं दुखणं बऱ्याचदा बागेबाहेर सुरू होतं, आणि ते फवारणीच्या पंपानं नव्हे, डोळ्यांनी सापडतं.

उन्हाळ्यात सगळं ओसाड होतं, तेव्हा ठिबकच्या नळीजवळ बसावं. तोटीखालच्या हातभर ओलीवर फुलपाखरांचे नर क्षार शोषायला उतरतात, कुंभारीण माशी चिखलाची गोळी करून नेते, वरच्या तारेवर वेडा राघू मधमाशी आपटून आपटून तिची नांगी काढतो. जांभळा सूर्यपक्षी एका बाजूनं कोळशासारखा काळा दिसतो. तो जरासा वळला की उन्हात निळाजांभळा पेटतो. हा रंग उजेडाच्या कोनावर असतो, म्हणून आपणच जागा बदलायची.

महाराष्ट्रात ५ ते १२ नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह असतो. वन्यजीव लेखक मारुती चितमपल्लींच्या जन्मदिवसापासून पक्षितज्ज्ञ सालिम अलींच्या जन्मदिवसापर्यंत. जालन्याच्या बागवानांना या निमित्तानं माझं एक सांगणं आहे. पक्ष्यांना अळ्या मिळाव्यात म्हणून बांधाकडचं एक मोठं झाड फवारू नका. अळ्यांनी खाल्लेली थोडी पानं मोठं झाड सहज सोसतं. रोपवाटिकेतल्या आणि नव्या लागवडीतल्या कोवळ्या रोपांना मात्र धोका खरा आहे. तिथल्या अळ्या हातानं वेचा आणि त्या एका झाडावर आणून सोडा. घरातल्या पोरांच्या हातात मोबाइल असतोच, त्यांना सकाळी त्या झाडाखाली पाठवा.