हुगळीकाठचे श्रीरामपूर

श्रीरामपूर म्हटले की आपल्याला अहिल्यानगर, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगर, जिल्ह्यातला उसाचा पट्टा आठवतो. बंगालमधले श्रीरामपूर निराळे. हावड्याहून लोकल धरली की अर्ध्या-पाऊण तासात तिथे उतरता येते. स्टेशनबाहेर रिक्षांची झुंबड, मिठाईची दुकाने, कोणत्याही बंगाली गावात असते तशी वर्दळ. नदीच्या दिशेने चालू लागले की मात्र गाव पालटते. रस्ते रुंद होतात, खांबांच्या जुन्या इमारती दिसू लागतात. १७५५ ते १८४५ पर्यंत इथे इंग्रजांचे नव्हे, तर डेन्मार्कचे राज्य होते. गावाचे त्या वेळचे नाव फ्रेडरिक्सनगर. डॅनिश काळातले सेंट ओलाव्ह चर्च मोडकळीला आले होते. ते दुरुस्त झाले आणि त्या कामाला २०१६ मध्ये युनेस्कोचा पुरस्कारही मिळाला.

नदीपलीकडे बराकपूर. तिथे इंग्रज गव्हर्नर जनरलची बाग आणि बंगला, अलीकडे डॅनिश झेंडा. या मधल्या पाण्यानेच विल्यम केरी नावाच्या माणसाला वाचवले.

केरी मूळचा इंग्लंडमधल्या खेड्यातला चांभार. जोडे शिवता शिवता लॅटिन, ग्रीक, हिब्रू शिकला आणि बाप्टिस्ट पंथाचा धर्मोपदेशक झाला. १७९३ मध्ये बायको, मुले आणि मेहुणीसह तो कलकत्त्याला उतरला. पत्नी डोरोथी यायला तयार नव्हती. अखेरच्या क्षणी, मन वळवल्यावर ती निघाली. ईस्ट इंडिया कंपनीला मिशनरी नको होते. व्यापारात विघ्न नको, एवढाच तिचा धर्म! जवळचे पैसे काही आठवड्यांत संपले. परका मुलूख, जिवाभावाचे कोणी नाही, मोठे कुटुंब आणि घरात दाणा नाही, असे त्याने त्या दिवसांत रोजनिशीत नोंदवले आहे.

पोटासाठी तो मालद्याकडे मदनाबाटीच्या निळीच्या कारखान्यावर व्यवस्थापक झाला. १७९४ मध्ये पाच वर्षांचा पीटर आमांशाने गेला आणि त्याला पुरायला माणसे मिळवताना नाकी नऊ आले. डोरोथीचे मन त्यानंतर कायमचे बिघडले. केरी बंगाली शिकत राहिला, गावोगाव बोलत राहिला. सात वर्षांत एकाही भारतीयाने त्याचा धर्म स्वीकारला नाही.

इंग्लंडहून निघालेला केरी जगाला काही द्यायला निघाला होता. मदनाबाटीत त्याला मागायला शिकावे लागले. भाषा पंडितांकडून, उसनवारी ओळखीच्यांकडून आणि धीर प्रार्थनेतून. रोजनिशीत निराशेची पाने पुष्कळ आहेत, पण परत जाण्याचा बेत त्यांत दिसत नाही. तो पुढे एकदाही मायदेशी गेला नाही.

१७९९ मध्ये मार्शमन आणि वॉर्ड हे सहकारी आले, तेव्हा कंपनीने त्यांना आपल्या हद्दीत राहू दिले नाही. डॅनिश गव्हर्नर ओले बी यांनी आसरा दिला आणि जानेवारी १८०० मध्ये केरीही श्रीरामपूरला आला. सर्वांची कमाई एका तिजोरीत, जेवण एका टेबलावर, असा त्यांचा संसार.

त्याच वर्षी कृष्ण पाल नावाच्या सुताराचा हात निखळला. मिशनचे डॉक्टर थॉमस यांनी तो बसवला. बोलणे वाढले, येणे-जाणे वाढले आणि २८ डिसेंबर १८०० रोजी हुगळीच्या पाण्यात कृष्ण पालचा बाप्तिस्मा झाला. सात वर्षांतला हा पहिला. त्या दिवशी आनंदाच्या भरात थॉमसचे डोके फिरले होते आणि त्यांना कोंडून ठेवावे लागले होते. दुसऱ्या खोलीत डोरोथी. बाहेर घाटावर उत्सव आणि आत दोन भ्रमिष्ट माणसांचा आक्रोश. केरीच्या श्रद्धेचे कौतुक करणाऱ्यांनी ही खोली विसरू नये. तिची किंमत डोरोथीनेही मोजली आणि तिला कोणी विचारले नव्हते. ती १८०७ मध्ये वारली.

छापखाना मात्र झपाट्याने वाढला. पंचानन कर्मकार या कुशल कारागिराने अक्षरांचे ठसे कोरले. आपला संबंध इथेच येतो. केरी कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजात मराठीही शिकवत असे. वैजनाथ पंडितांच्या मदतीने त्याने १८०५ मध्ये मराठीचे व्याकरण छापले, १८१० मध्ये कोश. कोशातले मराठी शब्द मोडीत आहेत. १८१४ मध्ये ‘सिंहासनबत्तिशी’ही इथूनच निघाली. मराठी छपाईचा आरंभकाळ असा हुगळीच्या काठी गेला. त्या मराठीचा पोत आज खडबडीत वाटतो, पण मुंबईत मराठी पुस्तके नियमाने छापू लागण्याआधीची ही गोष्ट आहे.

११ मार्च १८१२ च्या संध्याकाळी छापखान्याला आग लागली. कागद, अनेक लिप्यांचे खिळे, वर्षानुवर्षे जमवलेली हस्तलिखिते, सारे जळाले. केरी कलकत्त्यात होता. सकाळी निरोप आला. राख पाहून तो रडला. पण त्या रविवारी त्याने ४६ व्या स्तोत्रावर प्रवचन केले आणि मित्रांना कळवले की, एकदा तुडवलेली वाट दुसऱ्यांदा चालायला सोपी जाते. ढिगाऱ्यात ठशांचे साचे शाबूत सापडले, वितळलेल्या शिशाचे नवे खिळे ओतले गेले आणि काही महिन्यांतच यंत्रे फिरू लागली. मदनाबाटीतल्या केरीला हे जमले असते का, असा प्रश्न मनात येतो.

१८१८ मध्ये स्थापन झालेले श्रीरामपूर कॉलेज आजही नदीकडे तोंड करून उभे आहे. पहिल्यापासून तिथे सर्व जातिधर्मांच्या मुलांना प्रवेश होता. डेन्मार्कच्या राजाने १८२७ मध्ये दिलेल्या सनदेवर इथून अजूनही धर्मशास्त्राच्या पदव्या दिल्या जातात. केरी ग्रंथालय आणि संग्रहालय याच आवारात आहे. आषाढात येणार असाल तर जवळच्या माहेशची जगन्नाथाची रथयात्राही जरूर पाहावी.

केरीची कबर मिशनच्या दफनभूमीत आहे. ९ जून १८३४ रोजी तो गेला. आपल्या दगडावर नाव, तारखा आणि एका भजनाच्या दोन ओळी एवढेच असावे, असे त्याने आधीच सांगून ठेवले होते. त्या ओळींत तो स्वतःला दीन, असहाय किडा म्हणवतो. चाळीसहून अधिक वर्षांच्या कामाचा दगडावर उल्लेख नाही.