बटाट्याची सुट्टी

दिवाळीची सुट्टी आपल्याला ठाऊक, उन्हाळ्याची ठाऊक. पण बटाट्याची? अमेरिकेतल्या आयडाहो राज्यात, शेली या लहानशा गावी वन्संकडे गेले, तर भाचा भर सप्टेंबरअखेर घरात लोळत पडलेला! मी पडले मास्तरीण. "काय रे, शाळा बुडवलीस?" असं दरडावून विचारलं. "नाही हो मामी, बटाटे काढायची सुट्टी आहे. दोन आठवडे!" खरंच, या भागातल्या काही शाळा बटाटे काढणीसाठी बंद असतात.

शेलीत सगळंच बटाटामय. शाळेच्या संघाचं नाव 'रसेट्स', तेही बटाट्याच्या जातीवरून. १९२७ पासून सप्टेंबरात इथे बटाट्याची जत्रा भरते. त्यात कुस्करलेल्या बटाट्यांनी भरलेल्या खड्ड्यावर रस्सीखेच होते! (अन्नाची ही तऱ्हा माझ्या काही पचनी पडली नाही.) स्नेक नदीच्या या खोऱ्यातली माती ज्वालामुखीतून आलेली, भुसभुशीत, दिवसा ऊन, रात्री गारवा. पाऊस कमी, म्हणून सगळी भिस्त कालव्याच्या आणि विहिरीच्या पाण्यावर. राज्यात सुमारे तीन लाख एकर बटाटा होतो. अमेरिकेतला जवळजवळ तिसरा हिस्सा इथलाच.

माझं माहेर मंचरकडचं. सातगाव पठारावर नांगरामागे वाकून बटाटे वेचणाऱ्या बाया लहानपणापासून पाहिलेल्या. त्यामुळे वन्संच्या शेजारणीने शेत दाखवायला नेलं, तेव्हा मी आधी माणसंच शोधू लागले. एवढं थोरलं शेत, आणि माणसं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी!

काढणीच्या दोन-तीन आठवडे आधी पाला मारून टाकतात. त्याने मातीतल्या बटाट्याची साल घट्ट होते. नाहीतर ती नुसत्या बोटानेही सुटते. मग एक यंत्र चार-सहा ओळी उकरून बटाटे शेजारच्या न काढलेल्या ओळींच्या मधल्या सरीत मांडून ठेवतं. मागून येतं ते मोठं यंत्र. ते आपल्या ओळी उकरतं आणि मांडलेले बटाटेही उचलतं. सगळं साखळ्यांच्या हलत्या पट्ट्यावरून वर जातं, माती खाली गळते, आणि बरोबरीने चालणाऱ्या ट्रकमध्ये बटाट्यांची धार लागते. जणू प्रचंड चाळणीच!

एवढं धूड, पण काळजी मात्र अंड्यासारखी. साखळ्यांना रबर चढवलेलं, आणि बटाटा सहा इंचांहून उंचावरून पडता कामा नये. आपटला तर वरून दिसत नाही, आत काळा डाग पडतो. गार बटाटा तर फारच नाजूक. म्हणून त्याच्या पोटात थर्मामीटर खुपसून पाहतात. सात अंशांच्या खाली असला तर थांबायचं, अठराच्या वर गेला तरी थांबायचं, कारण गरम बटाटा कोठारात सडतो.

यंत्राला सगळं जमत नाही, बरं का. ढेकळं आणि दगड निवडायला पट्ट्याशी बायका आणि मुली उभ्याच होत्या, अंगभर धूळ. निवडण-टिपण तिथेही बायकांच्याच वाट्याला!

कोठारात पंधरा-अठरा फूट उंच रास, खालून दमट हवा खेळवलेली. तळायचे बटाटे फार गार ठेवत नाहीत. साधारण आठ अंश. त्याहून गारठ्यात त्यांतल्या पिठाची साखर होते आणि तळताना काप काळपट पडतात. आपण फ्रीजमध्ये ठेवलेल्या बटाट्यांचे काप लालभडक का होतात, ते मला तिथे कळलं. तेव्हा मैत्रिणींनो, बटाटे टोपलीत, अंधाऱ्या कोपऱ्यातच ठेवा.

त्या संध्याकाळी कडक गारठ्याचा इशारा आला. जमीन गोठली की बटाटे गेलेच. दिवे लावून काम चाललं. शेजारणीची सोळा वर्षांची मुलगी चहाला पाच मिनिटं खाली उतरली. मजुरी तिच्याच हातात येते, असं ऐटीत सांगत होती. मी शिक्षिका आहे कळल्यावर तिने विचारलं, "तुमच्याकडे असते का अशी सुट्टी?"

मी म्हटलं, "सुट्टी नसते. पण आमच्या बीडकडे आईबापांबरोबर ऊसतोडीला गेलेली मुलं चार-पाच महिने वर्गात दिसत नाहीत. पैसे त्यांच्या हातात येत नाहीत."

"मग परत आल्यावर राहिलेलं शिकवता त्यांना?"

"काही जण शिकवतात," मी म्हटलं. तेवढ्यात ट्रकचा भोंगा वाजला, आणि हातमोजे चढवत ती पळाली.